आवडतं म्हणून फुकट नाचायचं?

मागच्या रविवारी सकाळी सांगलीहून आईचा फोन आला. एरवी ती आधी जेवणाचं विचारते, मग हवापाणी, मग शेजारच्या काकूंचे गुडघे. या वेळी तिने थेट मुद्द्यालाच हात घातला. "काय गं, पोरगी तिकडं अर्धे कपडे घालून मैदानात नाचते म्हणे? आणि एका नाचाचे पंचवीस लाख देतात?"

पोरगी म्हणजे माझी लेक. सोळा वर्षांची आहे, इथे टेक्सासमध्ये शाळेच्या ड्रिल टीममध्ये आहे, म्हणजे सामन्याच्या मध्यंतरात मैदानात रांगेत नाचणाऱ्या मुलींच्या गटात. पंचवीस लाख राहू देत बाजूला. तिचे बूट, टोपी, उन्हाळी शिबिर यांचे पैसे आम्हीच भरतो. वर टीमसाठी निधी गोळा करायचा म्हणून शनिवारी लोकांच्या गाड्या धुवायला मी बादली घेऊन उभी असते.

आईच्या डोक्यात हे कुणी भरवलं ते शोधायला दोन मिनिटं लागली. घरच्या ग्रुपवर दादाने एक फॉरवर्ड टाकला होता. वरती लाल दिव्यांची रांग, "अमेरिकेतील मराठी पालकांनो, सावधान!", खाली नेटफ्लिक्सच्या मालिकेतला फोटो आणि मग सहा मुद्दे. संध्याकाळपर्यंत तोच मजकूर मला इथल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आला, आणि रात्री कॉलेजच्या जुन्या ग्रुपवरही. म्हणून एकदाच लिहून टाकते. दादा, तूही वाच. तू वाचणार नाहीस हे माहीत आहे, तरी वाच.

मालिका आहे ‘अमेरिकाज स्वीटहार्ट्स: डॅलस काउबॉइज चीअरलीडर्स’. डॅलस काउबॉइज हा टेक्सासमधला फुटबॉल क्लब, आणि त्याच्या सामन्यांत मैदानात नाचणाऱ्या मुली म्हणजे चीअरलीडर्स. पहिला हंगाम जून २०२४ मध्ये आला, दुसरा जून २०२५ मध्ये. फुटबॉल म्हणजे मेस्सीचा नव्हे, अमेरिकेतला, हातात चेंडू घेऊन पळतात तो. फॉरवर्डमध्ये मेस्सीचं नाव आहे, त्यावरून लिहिणाऱ्याने मालिका किती बघितली ते कळतंच. त्याचं म्हणणं असं: एक, या मुलींना एका सामन्याचे पंचवीस लाख रुपये मिळतात. दोन, यात कला नाही, खेळ नाही, नुसतं अंगप्रदर्शन. तीन, त्या आवड म्हणून येतात, मग पगाराच्या नावाने रडतात कशाला. चार, कुणी अंगचटीला आलं तर दोष कपड्यांचा. पाच, मालिका म्हणजे क्लबने केलेली जाहिरात. सहा, हेच थेर आयपीएलमधून आपल्याकडे आलं आणि संस्कृती बुडाली.

पहिला आणि तिसरा मुद्दा एकाच माणसाने एका दमात लिहिलेत. सामन्याला पंचवीस लाख मिळतात, आणि तरी पगारासाठी रडतात. हे लिहिताना त्याला काही खटकलं नाही, आणि पुढे पाठवताना दादाला खटकलं नाही.

आता हे पंचवीस लाख आले कुठून? मला वाटतं मला माग लागला. मजकुराच्या तळाशी एक ओळ आहे: "आता तर पगार ४०० पट वाढवला!" वाढ झाली हे खरं आहे. पण ती ४०० टक्के आहे, ४०० पट नाही. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी शेवटी ती जाहीर झाली. त्याच सुमारास या मागणीसाठी पुढे झालेल्या मुलींपैकी एक, जेडा मॅक्लीन, न्यूयॉर्क टाइम्सशी बोलली. आदल्या हंगामात तिला तासाला १५ डॉलर मिळत होते, आणि बाहेरच्या कार्यक्रमांना हजेरी लावली की त्याचे ५०० डॉलर. नव्या करारात सगळ्यात जुन्या मुलींना तासाला ७५ डॉलरच्या वर मिळू शकतात. १५ चे ७५. शाळेत शिकवलं होतं तसं, ४०० टक्के वाढ म्हणजे पाचपट.

आता १५ ला ४०० ने गुणून बघा. तासाला ६,००० डॉलर. रुपयांत पाच लाखांच्या वर. सामन्याचा दिवस पाच तासांचा धरला की झाले पंचवीस लाख! माझी खात्री आहे, कुणीतरी खरोखर कॅल्क्युलेटर घेऊन बसलं होतं. टक्के आणि पट यांतला फरक त्याला कळला असता तर आमच्या आईची झोप वाचली असती.

खरा हिशेब बघायचा तर २०१८ मध्ये कोर्टात दाखल झालेला एक दावा बघा. एवढा एकच बघितला तरी बाकीचं फार वाचायला नको. एरिका विल्किन्स २०१४ ते २०१७ या काळात याच संघाची चीअरलीडर होती. तिने टेक्सासच्या फेडरल कोर्टात क्लबवर दावा लावला. तिचं म्हणणं होतं की सराव आणि इतर कामाचे तिला तासाला ८ डॉलर मिळायचे, सामन्याच्या दिवसाचे ठोक २०० डॉलर, आणि आठवड्याला चाळीस तासांच्या वर काम झालं तर त्या जादा तासांचे नियमाप्रमाणे जादा पैसे मिळत नव्हते. पहिल्या वर्षाची तिची कमाई तिने साडेतीन हजार डॉलरच्या आसपास सांगितली. महिन्याची नव्हे, वर्षाची. टेक्सासमध्ये किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे, तेव्हाही तेच होतं, आजही तेच आहे. म्हणजे सरकारने ठरवलेल्या तळापासून पाऊण डॉलर वर.

आणि या दाव्यातली मला सगळ्यात आवडलेली, म्हणजे डोक्यात गेलेली गोष्ट वेगळीच आहे. या संघाचा एक शुभंकर आहे, राउडी नावाचा. मोठ्ठं डोकं, मोठ्ठी काउबॉय टोपी, फुगीर बाहुला. आत माणूस असतो. तो मैदानात फिरतो, पोरांना टाळ्या देतो, नाचल्यासारखं करतो. दाव्यात म्हटलं होतं की या बाहुल्याला वर्षाला ६५,००० डॉलरच्या घरात मिळतात. आता सांगा. हवेत उडी मारून जमिनीवर दोन्ही पाय फाकवून बसणाऱ्या, हंगामभर संध्याकाळी सराव करणाऱ्या, ज्यांच्या पोस्टरवर अख्खा क्लब ओळखला जातो त्या मुलीला साडेतीन हजार. फोमचं डोकं घालून फिरणाऱ्याला पासष्ट हजार. त्या माणसावर माझा राग नाही, टेक्सासच्या उन्हात फोमच्या आत उभं राहणं हे कष्टाचंच काम आहे. त्याला पगार आहे, ते बरोबरच आहे. मुद्दा एवढाच की बाहुल्याला कुणी म्हणालं नाही, "तू तर आवड म्हणून करतोस."

क्लबने आरोप मान्य केले नाहीत. २०१९ मध्ये तडजोड झाली. पण तडजोडीच्या कागदांतून बाहेर आलं की दरम्यान तासाचे ८ चे १२ डॉलर झाले होते, आणि सामन्याचे २०० चे ४००. एका मुलीने कोर्टाची पायरी चढली म्हणून सगळ्यांचे पैसे दीडपट-दुप्पट झाले. फॉरवर्डवाला याला रडणं म्हणतो.

ओकलंड रेडर्स या दुसऱ्या फुटबॉल क्लबच्या मुलींनी २०१४ मध्ये असंच रडून बघितलं. त्यांचा हिशेब तासाला पाच डॉलरच्याही खाली येत होता. क्लबला साडेबारा लाख डॉलर मोजावे लागले, आणि २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदाच केला की व्यावसायिक संघांच्या चीअरलीडर्स या कर्मचारी आहेत, त्यांना किमान वेतन, जादा कामाचे पैसे, सगळं लागू. रडण्याचा एवढा उपयोग होत असेल तर आपल्याकडच्या अंगणवाडीसेविकांनाही मी म्हणेन, रडा बायांनो. त्या रडतातच म्हणा, आझाद मैदानावर, दरवर्षी.

आता तिसरा मुद्दा, आवडीचा. हा मुद्दा फॉरवर्डवाल्याने स्वतःच्या डोक्याने काढलेला नाही. मालिकेत तो मालकांच्या घरातूनच येतो. शार्लट जोन्स, मालक जेरी जोन्स यांची मुलगी आणि क्लबची मोठी अधिकारी, पहिल्या हंगामात कॅमेऱ्यासमोर सांगते की यांना फार पैसे मिळत नाहीत यावर लोक बोलतात, आणि बोलावंच, पण या मुली मुळात पैशासाठी येतच नाहीत. त्याहून मोठं असं काहीतरी त्यांना इथे मिळतं. त्याच हंगामात एक माजी चीअरलीडर आपल्या पगाराची तुलना बदली शिक्षिकेशी, मग चिकन सँडविचच्या दुकानातल्या कामगाराशी करते. जेरी जोन्स यांनी हा संघ १९८९ मध्ये साधारण १४ कोटी डॉलरला विकत घेतला. २०२४ मध्ये फोर्ब्सने त्याची किंमत १,०१० कोटी डॉलर लावली, जगातल्या कुठल्याही खेळातल्या संघापेक्षा जास्त. ज्या घरात हे पैसे येतात त्या घरातली मुलगी दुसऱ्याच्या मुलींविषयी सांगते की त्यांना पैशाचं काही नाही.

मला हे वाक्य नवं नाही. सांगलीत मी सातवीपासून बारावीपर्यंत कथक शिकले. गणपतीत, कोजागिरीला, कुठल्या ना कुठल्या मंडळाच्या व्यासपीठावर आम्ही सहा जणी नाचायचो. कार्यक्रम संपला की तबलजीला पाकीट, पेटीवाल्याला पाकीट, माइकवाल्याला पाकीट, मांडववाल्याला तर आगाऊच. आम्हाला नारळ आणि टाळ्या. एका वर्षी आमच्या बाईंनी अध्यक्षांना हळूच विचारलं, मुलींच्या रिक्षाचं तरी बघा. ते हसून म्हणाले, "बाई, पोरींची हौस आहे, हौसेला मोल नसतं." त्या नारळांच्या वड्या आई करायची. खरं सांगते, मला तेव्हा ते वाक्य फार सुंदर वाटलं होतं. आज शार्लट जोन्सच्या तोंडून इंग्रजीत ऐकलं आणि कळलं की हे वाक्य जिथे तिथे खर्च वाचवायला वापरतात. १९७० च्या दशकात याच डॅलसच्या मुलींना सामन्याला १५ डॉलर मिळायचे. तेव्हाही हौसच होती.

आवड असते हो. मालिकेत निवड झाली की मुली हंबरडा फोडतात, आणि निवड झाली नाही की जो चेहरा होतो तो बघवत नाही. चीअरलीडर्सच्या संचालिका केली फिंगलास यांच्या ऑफिसात बोलावणं आलं की मुलींच्या पोटात गोळा येतो, कारण तिथून बहुतेक जणी घरी जातात. एकदा निवड झाली म्हणजे जागा पक्की असंही नाही. दर वर्षी जुन्या मुलींनाही पुन्हा परीक्षा. अर्ज शेकड्यांनी, जागा छत्तीस. मालिकेतली एक दिवसा लहान मुलांची नर्स म्हणून काम करते आणि संध्याकाळी सरावाला येते. आवड नसती तर कोण करेल? पण सर्जनलाही शस्त्रक्रिया आवडते, विराट कोहलीलाही बॅटिंग आवडते. त्यांच्या मानधनाच्या चर्चेत आवड मध्ये आलेली मी ऐकली नाही. खुद्द काउबॉइजच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे त्यांच्या मुख्य खेळाडूला, खेळायला आवडत नाही की काय?

आणि वाढ झाली, आता सगळं छान झालं, असंही समजू नका. आरोग्यविमा त्या करारात आलेला नाही, आणि ज्या देशात तीन टाक्यांचं बिल बघून माणूस पुन्हा बेशुद्ध पडतो तिथे ही बारीक गोष्ट नव्हे. हे प्रकरण ज्यांनी लावून धरलं, संप करायचा का इथपर्यंत बोलणी नेली, त्यांतल्या काही जणी वाढ लागू होण्याआधीच निवृत्त झाल्या. जेडा मॅक्लीन त्यांतलीच.

दुसऱ्या मुद्द्यावर, कला नाही आणि खेळ नाही, मला जास्त वेळ घालवायचा नव्हता, पण माझ्या लेकीचा संबंध आहे म्हणून थोडं. टेक्सासमध्ये चीअरलीडिंग आणि ड्रिल टीम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चीअरलीडर्स मैदानाच्या कडेला घोषणा देतात, एकमेकींच्या खांद्यावर चढतात. ड्रिल टीम मध्यंतरात मैदानात येऊन रांगेत नाचते. याची सुरुवात १९४० मध्ये किलगोर नावाच्या तेलाच्या गावात झाली. तिथल्या कॉलेजच्या प्रमुखांना दोन चिंता होत्या: कॉलेजात मुली कमी आहेत, आणि मध्यंतर झालं की प्रेक्षक गॅलरीखाली जाऊन दारू पितात. त्यांनी गसी नेल डेव्हिस या शिक्षिकेला सांगितलं, लोक जागेवर बसून राहतील असं काहीतरी करा. तिने मुलींची पलटण उभी केली. म्हणजे दादा, तुझ्या संस्कृतिरक्षणाच्या बाजूने बघायचं तर ही चळवळ दारूबंदीसाठी निघाली होती!

काउबॉइजने १९७२ मध्ये शाळकरी मुलामुलींचा जुना गट बाजूला करून नाचात तयार असलेल्या मुली घेतल्या. त्या बसवल्या टेक्सी वॉटरमन या नृत्यशिक्षिकेने. नाव चीअरलीडर, पण काम नर्तकीचं, आणि ती उंच लाथांची रांग थेट ड्रिल टीमच्या घराण्यातली. निवडीत नाच तर बघतातच, शिवाय मुलाखत असते, खेळाची आणि चालू घडामोडींची लेखी परीक्षा असते. शेवटची उडी मारून स्प्लिटमध्ये पडायचं त्याने खुब्याचे सांधे जातात. मालिकेत एक निवृत्त मुलगी आपल्या खुब्याच्या आणि पावलाच्या शस्त्रक्रियांबद्दल बोलते तेव्हा तिचं वय तिशीच्याही आत आहे. माझी लेक ते बघून आली आणि त्या दिवसापासून सरावाआधी अर्धा तास अंग मोकळं करते. एरवी मी सांगून सांगून थकले होते.

आमचं घर फ्रिस्कोत आहे. काउबॉइजचं मुख्यालय इथेच आहे, आणि गावातल्या सरकारी शाळांचे सामने त्यांच्याच झाकलेल्या मैदानावर होतात. शुक्रवारी रात्री तिथे निम्म्या खुर्च्यांत आजीआजोबा असतात. आई, तुझ्या माहितीसाठी: पोरीच्या पोशाखाला लांब बाह्या आहेत, खाली जाड मोजे आहेत, आणि तो इतका चकाकतो की धुवायला काढला तरी माझे डोळे दिपतात.

आता चौथा मुद्दा. ज्याने मला हे लिहायला बसवलं तो हाच. मजकुरातलं वाक्य जसंच्या तसं: "असे कपडे घालून नाचल्यावर कुणी हात लावला तर दोष कुणाचा?" खाली दादाचा अंगठा. आणि वहिनीचा पण. घरच्या त्याच ग्रुपवर माझी लेक आहे. मराठी तिला बऱ्यापैकी वाचता येतं, आम्हीच शिकवलंय, रविवारच्या शाळेत नेऊन नेऊन.

पहिल्या हंगामात हा प्रसंग आहे. सामना चालू असताना मैदानाच्या कडेला काम करणाऱ्या एका फोटोग्राफरने आपल्याला नको तिथे हात लावला, असं एक मुलगी सांगते. ती गप्प बसत नाही, पोलिसांत जाते. पुढे गुन्हा काही उभा राहिला नाही. दुसरी एक मुलगी सांगते की तिच्या गाडीला एअरटॅग सापडला. कुणीतरी तिचा माग काढत होतं. आता मला सांगा, गाडीने कुठले कपडे घातले होते?

आणि तो पोशाख. आखूड आहे, मान्य. पण तो मुलींनी बाजारातून आणलेला नाही. क्लबने ठरवलेला, क्लबने शिवून घेतलेला, क्लबच्या मालकीचा आहे, आणि १९७२ पासून थोडाफार तसाच आहे. त्यातला एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलाय. कपडे ठरवणार मालक, त्यावर पैसे कमावणार मालक, आणि कुणाचा हात पडला की कपडे कुणाचे? मुलीचे.

कपड्यांचीच गोष्ट काढायची असेल तर सप्टेंबर २०१५ ची काढू. काउबॉइजच्या स्टेडियमवर हंगामाच्या सुरुवातीच्या मेजवानीचा कार्यक्रम होता. चार चीअरलीडर्सनी आरोप केला की त्या आपल्या खोलीत कपडे बदलत असताना क्लबचा एक वरिष्ठ अधिकारी आत शिरून, आडोशाला उभा राहून फोनने त्यांचं चित्रण करत होता. दार बंद होतं. त्याच्याकडे आत येण्याचं कार्ड होतं. त्या अधिकाऱ्याने आरोप नाकारला, क्लबने आपल्या चौकशीत काही निघालं नाही असं सांगितलं. आणि २०१६ मध्ये क्लबने २४ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. कुणालाही कळलं नाही. २०२२ मध्ये ईएसपीएनने बातमी फोडली तेव्हा जगाला समजलं. तो अधिकारी त्या मधल्या सगळ्या वर्षांत नोकरीतच होता आणि बातमी येण्याच्या थोडंच आधी निवृत्त झाला.

आखूड कपडे घातले म्हणून हात पडतो, असं म्हणणाऱ्याने या प्रसंगावर काय म्हणायचं ते ठरवावं. त्या मुली मैदानात नव्हत्या. नाचत नव्हत्या. आपल्या खोलीचं दार लावून कपडे बदलत होत्या. मग आता काय, कपडे बदलायचेही नाहीत?

दादा, तू सांगलीत लावणीच्या कार्यक्रमाला दुसऱ्या रांगेत बसून शिट्ट्या मारतोस. मला काही वाटत नाही, लावणी आहेच तशी. त्या बाईला तू "ताई" म्हणून फेटा उडवतोस, व्हिडिओ ग्रुपवर टाकतोस. तिला उद्या कुणी हात लावला तर तू दोष नऊवारीला देशील की शालूच्या काठाला? नऊवारीत तर अंग घोट्यापर्यंत झाकलेलं असतं. तरी हात पडतात, आणि ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पाचवा मुद्दा, मालिका म्हणजे जाहिरात. इथे मात्र नाक मुठीत धरून थोडं मान्य करावं लागेल. क्लबने दार उघडल्याशिवाय कॅमेरा त्या सराव-खोलीत जाऊच शकत नव्हता. मालिकेत मालक एकंदर साजूक दिसतात, भव्य स्टेडियम दर तिसऱ्या मिनिटाला दिसतं, आणि पगारवाढ अशा पद्धतीने येते की जणू घरच्या मोठ्यांनी दिवाळीची ओवाळणी घातली. याच संघावर २००६ ते २०२१ अशी सोळा हंगाम चाललेली आणखी एक मालिका होती, तिच्यात तर निवडीच्या रडारडीपलीकडे फारसं काही नव्हतं. त्यामुळे जाहिरात आहे, हो. पण मालिकेचा दिग्दर्शक ग्रेग व्हाइटली याने पगाराचा प्रश्न थेट विचारून घेतला आणि उत्तर कापलं नाही. शार्लट जोन्सचं ते वाक्य दिसलं म्हणून लोक चिडले, आणि वर्षभरात पैसे वाढले. जाहिरात असेल तर जरा महागात पडलेली जाहिरात आहे.

सहावा, आयपीएल. २००८ मध्ये पहिल्याच हंगामात बेंगळुरूच्या संघासाठी वॉशिंग्टनच्या फुटबॉल क्लबच्या चीअरलीडर्स आल्या होत्या हे खरं. आपले तेव्हाचे गृहराज्यमंत्री सिद्धाराम म्हेत्रे यांनी हे अश्लील असल्याचं सांगितलं होतं, स्त्रीला पूजणाऱ्या देशात हे चालतंच कसं म्हणाले होते. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी डान्सबार बंद करून झाले होते. नाचणारी घरी बसली, नोटा उधळणारा दुसरीकडे गेला. आपल्याकडे एवढ्यावर संस्कृती वाचते.

पण वॉशिंग्टनचंच नाव निघालंय तर हे फॉरवर्ड करा की. त्या क्लबच्या मुलींना २०१३ मध्ये कॅलेंडरच्या छायाचित्रांसाठी कोस्टा रिकाला नेलं होतं. न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ मध्ये छापलं की तिथे पोचल्यावर त्यांचे पासपोर्ट काढून घेतले, उघड्या अंगाने छायाचित्रं काढताना प्रायोजक आणि बड्या तिकिटांचे ग्राहक बघत उभे होते, आणि रात्री त्यांतल्या नऊ जणींना या पुरुषांबरोबर नाइटक्लबला जायला सांगितलं. क्लबच्या चीअरलीडिंग प्रमुखांनी हे वर्णन नाकारलं. आपल्याकडे त्या मुलींच्या स्कर्टची लांबी मोजली गेली. पगार किती आणि पासपोर्ट कुणाच्या खिशात, हे मंत्र्यांनीही विचारलं नाही आणि मीही नाही. मी २००८ मध्ये पुण्यात नोकरी करत होते आणि टीव्हीसमोर बसून त्यांच्यावर विनोद करत होते, हेही लिहून ठेवते.

तर दादा, एवढं कर. ग्रुपवर दुरुस्ती टाक: ४०० पट नाही, पाचपट, तीही तासाला १५ डॉलरवरून. चौथ्या मुद्द्यावरचा तुझा अंगठा काढ. वहिनीलाही सांग. आणि आईला आजच फोन कर. ती सोसायटीतल्या तिघींना सांगून बसलीय की नात पंचवीस लाख कमावते, आणि त्यातल्या एकीने काल मला मेसेज करून मुलासाठी ओळख घालून द्या म्हटलंय.